हबची लाइट चार हजार वेळा घालवून बघितली: रिमोट डिव्हाइस लॅबचा आठ महिन्यांचा रिव्ह्यू

इंटरनेटला जोडलेली डिव्हाइस बनवणाऱ्या छोट्या टीममध्ये जे कोणी आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण ही सर्व्हिस (आपली खरी डिव्हाइस त्यांच्या लॅबमध्ये ठेवून लांबून टेस्ट करायची सोय) घ्यायच्या आधी मी भरपूर शोधलं आणि जे रिव्ह्यू मिळाले ते एकतर कंपनीनेच लिहून घेतल्यासारखे होते नाहीतर दोन दिवसांच्या ट्रायलवर लिहिलेले. मी टेस्टर आहे, आमची टीम सहा जणांची, आम्ही पाणीगळतीचे सेन्सर बनवतो. बॅटरीवरचे छोटे सेन्सर ब्लूटूथने एका हबशी बोलतात आणि हब वायफायवरून सर्व्हरशी. सर्व्हिसचं नाव इथे घेत नाही, करारात तशी अट आहे, पण या प्रकारच्या लॅब आता बऱ्याच निघाल्यात आणि घेताना काय बघायचं ते सगळीकडे सारखंच आहे.

घ्यावी का लागली ते आधी सांगते. गेल्या वर्षी आम्ही हबला एक अपडेट पाठवलं. ऑफिसमधल्या टेबलावर सगळं व्यवस्थित चाललं होतं, माझ्या टेस्ट केसच्या शीटमध्ये सगळं हिरवं, आणि तरी अपडेट गेल्यावर काही ग्राहकांचे हब जे गप्प झाले ते गप्पच. कारण शोधायला चार दिवस लागले. आमच्या हबमध्ये फर्मवेअरच्या (डिव्हाइसच्या आत भरलेल्या सॉफ्टवेअरच्या) दोन जागा आहेत, जुनं एका जागेत राहतं, नवीन दुसऱ्या जागेत उतरतं, बूटलोडर (डिव्हाइस सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) नवीन चालू करून बघतो आणि नवीन फर्मवेअरने "मी ठीक आहे" असं कन्फर्म केलं नाही तर पुढच्या रिस्टार्टला जुन्यावर परत जातो. एमसीयूबूटसारखे बूटलोडर असंच काम करतात. आमचं चुकलं ते हे की आमचा कोड चालू झाल्या झाल्या पहिल्याच सेकंदाला कन्फर्म करून टाकायचा, सर्व्हरशी कनेक्शन झालं का नाही हे बघायच्या आधीच. काही राउटरच्या मागे नवीन फर्मवेअरचं टीएलएस, म्हणजे सर्व्हरशी सुरक्षित, कनेक्शन होत नव्हतं, पण तोपर्यंत कन्फर्म झालेलं होतं, म्हणजे मागे जायचा रस्ता बंद आणि पुढे सर्व्हरपर्यंत पोचता येत नाही. परत जायची सोय असून ती वापरात आलीच नाही. आणि ही सोय मी टेस्ट केली नव्हती, कारण ती टेस्ट करायची तर अपडेट मुद्दाम बिघडवायला लागतं आणि आम्ही फक्त चांगलं अपडेट टेस्ट करत होतो.

हे काही नवीन दुखणं नाही. २०१७ मध्ये लॉकस्टेट कंपनीच्या सुमारे ५०० स्मार्ट कुलपांना दुसऱ्याच मॉडेलचं फर्मवेअर गेलं, कुलपं रिमोटने दुरुस्त होण्याच्या पलीकडे गेली. २०१६ च्या जानेवारीत नेस्ट थर्मोस्टॅटचं सॉफ्टवेअर बिघडलं, बॅटरी उतरली आणि ऐन थंडीत लोकांची घरं गार पडली. दोन्हीकडे डिव्हाइसचं मूळ काम नीट चालत होतं, घोळ झाला तो अपडेटमुळे.

तर सर्व्हिस अशी आहे. आपण आपली डिव्हाइस त्यांच्याकडे कुरिअर करायची, ते ती रॅकमध्ये बसवतात. प्रत्येक डिव्हाइसच्या पॉवरला एक रिले (प्रोग्रॅमने चालू-बंद करता येणारा स्विच), सिरियल कन्सोलची (डिव्हाइसचे लॉग वाचायची आणि त्याला कमांड द्यायची) वायर, एलईडीवर रोखलेला छोटा कॅमेरा, आणि प्रत्येक रॅकला स्वतःचा वायफाय राउटर, ज्याचं नेटवर्क आपण हवं तसं बिघडवू शकतो. हे सगळं एपीआयने चालतं, म्हणजे पायथनमधल्या साध्या टेस्टमधून "पॉवर बंद कर, दोन सेकंद थांब, चालू कर, कन्सोलवर अमुक ओळ आली का बघ" असं लिहिता येतं. कोणी कोड मर्ज केला की सीआय (टेस्ट चालवणारी यंत्रणा) आपोआप खऱ्या हबवर फर्मवेअर चढवून टेस्ट चालवतं. आम्ही सहा हब आणि चोवीस सेन्सर पाठवले. पहिला आठवडा नुसता जोडणीत गेला, त्यांच्या माणसाने कन्सोलच्या वायरी उलट्या लावल्या होत्या आणि ते कळायला तीन दिवस, पण ते एकदाच.

आता पॉवरची टेस्ट. ज्याच्यासाठी मी ही सर्व्हिस कोणालाही सुचवेन ती ही.

स्क्रिप्ट साधी होती. अपडेट सुरू करायचं, शून्य ते एकशेवीस सेकंदात कधीतरी रँडम वेळी पॉवर तोडायची, परत चालू करायची, हब सर्व्हरला जोडला गेला का बघायचं, परत पहिल्यापासून. सहा हब एकदम, एका फेरीला साधारण दोन मिनिटं. संध्याकाळी लावून घरी गेले. सकाळी दोन हजाराच्या आसपास फेऱ्या झालेल्या आणि त्यात एक, फक्त एक, फेल. पूर्वीची मी असते तर एक म्हणजे काहीतरी लॅबचाच घोळ म्हणून सोडून दिलं असतं. पण कन्सोलचा लॉग होता आणि कॅमेऱ्याचा फोटो होता, फोटोत हबचा दिवा निळा लुकलुकत होता, आणि निळा लुकलुकणं म्हणजे पेअरिंग मोड. म्हणजे हब स्वतःला कोरा, डब्यातून आत्ता काढलेला समजत होता.

लॉग उलगडल्यावर दिसलं की अपडेटच्या शेवटी आम्ही सेटिंग्ज नवीन फॉरमॅटमध्ये सेव्ह करतो. फ्लॅशवर (लाइट गेली तरी डेटा टिकवणाऱ्या मेमरीवर) लिहायचं तर आधी चार केबीचं अख्खं सेक्टर पुसावं लागतं आणि मग लिहावं लागतं. पुसणं झालंय आणि लिहिणं व्हायचंय त्या मधल्या काही मिलिसेकंदांत लाइट गेली तर जुनी सेटिंग्ज गेली, नवीन आली नाहीत, वाचायला गेलं की सगळं एफएफ, म्हणजे कोरं. आणि आमचा कोड म्हणायचा, सेटिंग्ज नाहीत ना, मग हे नवीन डिव्हाइस, उघडा हॉटस्पॉट. म्हणजे ग्राहकाच्या घरात कुठल्याही पासवर्डशिवाय हॉटस्पॉट सुरू, जो कोणी रेंजमध्ये असेल त्याने हब आपल्या नावावर करून घ्यावा. लाइट जाण्याचा बग शोधायला गेले आणि सिक्युरिटीचं भोक सापडलं.

दुसऱ्या रात्री रँडम सोडून दिलं. कन्सोलवर "सेटिंग सेव्ह" ही ओळ दिसली की तिथून मोजून ०, २, ४ असं करत २०० मिलिसेकंदांपर्यंत पॉवर तोडायची, प्रत्येक वेळेला वीस-वीस फेऱ्या. सकाळी आलेख बघितला तर आठच्या आधी सगळं पास, सत्तरच्या पुढे सगळं पास, आणि मध्ये अख्खा लाल पट्टा. आमच्या फर्मवेअरवाल्याला बोलावून दाखवलं, तो दोन मिनिटं काही बोललाच नाही, मग म्हणाला, "ताई, हे टेबलावर प्लग काढून काढून आपल्याला दहा वर्षांत सापडलं नसतं." खरंच नसतं. आता आम्ही नवीन सेटिंग्ज आधी दुसऱ्या सेक्टरमध्ये लिहितो, चेकसम (डेटा नीट लिहिला गेला का ते सांगणारा आकडा) तपासतो, मगच जुनं पुसतो. तीच टेस्ट परत रात्रभर चालवली, लाल पट्टा गेला. रिव्ह्यूमध्ये तारे द्यायचे असते तर या एका कामासाठीच मी पाचपैकी पाच दिले असते.

पण यातही एक कमी आहे आणि ती मोठी आहे. लॅबचा रिले डीसीच्या बाजूला, म्हणजे अ‍ॅडॉप्टरच्या पुढे आहे, तो टक्कन तोडतो. खरी लाइट अशी जात नाही. अ‍ॅडॉप्टरच्या आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज असतो, व्होल्टेज हळूहळू उतरतं, आणि त्या उताराच्या मध्ये एक अशी जागा येते जिथे प्रोसेसर अजून चालतोय पण फ्लॅशला नीट लिहिण्याइतकं व्होल्टेज उरलेलं नाही. मग काय लिहिलं जाईल काही भरवसा नाही. त्यासाठी प्रोग्रॅम करता येणारा पॉवर सप्लाय लागतो, जो तीन व्होल्टवरून सावकाश खाली उतरवता येईल. मी सपोर्टला पहिल्या महिन्यातच विचारलं, "पुढच्या तिमाहीत देतोय मॅडम" असं उत्तर आलं, आठ महिने झाले, अजून नाही. ही टेस्ट आम्ही ऑफिसमध्ये टेबलावर करतो. तुम्ही अशी कुठली लॅब घेत असाल तर पहिला प्रश्न हाच विचारा की पॉवर नुसती तोडता येते का उतरवता पण येते.

नेटवर्कचा भाग चांगला आहे. आत लिनक्सचंच टीसी आणि नेटएम वापरलंय, म्हणजे उशीर, पॅकेट गळणं, क्रम बिघडणं हे सगळं आपण ठरवू शकतो. हे आपल्या लॅपटॉपवर फुकटात जमतं हे मान्य, पण सहा डिव्हाइसवर वेगवेगळं नेटवर्क आणि वर पॉवर कट, हे एकत्र हवं असेल तर सर्व्हिसचा उपयोग कळतो. मी आधी नेट गेलं आणि नेट आलं एवढ्या दोनच टेस्ट करायचे. नेट गेलेलं हबला बरोबर कळतं, त्यात काही प्रॉब्लेम नसतो. त्रास देतं ते अर्धवट नेट. राउटर आयपी देतो पण पुढे इंटरनेट नाही, डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सोय) उत्तर देतं पण कनेक्शन लटकून राहतं, किंवा सगळ्यात वाईट म्हणजे जोडलेलं कनेक्शन मधल्या मध्ये मरतं आणि दोन्ही टोकांना पत्ता नसतो. आम्ही एमक्यूटीटी (डिव्हाइस आणि सर्व्हरमध्ये मेसेज पाठवायची पद्धत) वापरतो, त्यात कीपअलाइव्ह (इतक्या वेळात हबने निदान "मी आहे" एवढं तरी कळवायचं) साठ सेकंद ठेवला तर सर्व्हर दीडपट म्हणजे नव्वद सेकंद वाट बघून मग समोरचा गेला असं धरतो. त्या वेळात हबने मेसेज पाठवला तर हबच्या बाजूला सेंड यशस्वी, कारण तो फक्त हबच्याच आतल्या बफरमध्ये गेलेला असतो. मी एका बाजूने शंभर टक्के पॅकेट गाळायला लावले आणि सेन्सर ओला झाल्याचं दाखवलं. लॉगमध्ये "अलार्म पाठवला", मोबाईलवर काही नाही. हब मग दोन मिनिटांनी परत जोडला गेला आणि तो अलार्म कधी आलाच नाही. आमचं अख्खं प्रॉडक्ट त्या एका मेसेजसाठी आहे! आता क्यूओएस १ वर (एमक्यूटीटीची सर्व्हरकडून पावती घ्यायची पातळी) पावती येईपर्यंत मेसेज फ्लॅशमध्ये राहतो. त्याची दुसरी बाजू अशी की क्यूओएस १ मध्ये तोच मेसेज दोनदा येऊ शकतो, मग अ‍ॅपने दोनदा घंटा वाजवायची नाही, त्याची वेगळी टेस्ट लिहावी लागली.

आणि क्लाउडच बसलं तर? २० ऑक्टोबर २०२५ ला अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचा उत्तर व्हर्जिनियातला भाग डीएनएसच्या घोळाने बसला तेव्हा डोअरबेल कॅमेऱ्यांपासून स्मार्ट गाद्यांपर्यंत काय काय अडलं ते सगळ्यांनी वाचलंय. त्यानंतर मी हबची "सर्व्हर तीन तास नाही" अशी टेस्ट कायमची ठेवलीय, त्यात हबने स्वतःचा भोंगा तरी वाजवलाच पाहिजे. सर्व्हर परत आल्यावर सगळे हब एकाच सेकंदाला धावून येत नाहीत ना तेही बघते, प्रत्येकाने वेगवेगळा वेळ थांबून यायला हवं, नाहीतर उठलेला सर्व्हर परत झोपतो.

हे सहा हबवर दिसत नाही, त्यासाठी हजारो लागतात, आणि इथे सर्व्हिसची व्हर्च्युअल डिव्हाइस कामाला येतात. ट्रेंड म्हणून बघितलं तर टेस्टिंगमध्ये सध्या सगळ्यात जास्त बोलबाला याचाच आहे, डिजिटल ट्विन वगैरे नावं आहेत. आम्ही पाच हजार खोटे हब उभे करून सर्व्हरवर सोडले आणि लॉगिनचा डेटाबेस कुठे गुदमरतो ते अर्ध्या तासात कळलं. छान. पण त्यांच्या विक्रीच्या माणसाने "आता खऱ्या डिव्हाइसची गरजच नाही" असं जे सांगितलं होतं ते मात्र साफ चुकीचं आहे. सिम्युलेटरमधली फ्लॅश पुसायला वेळच घेत नाही, त्याचं वायफाय कधी कमी पडत नाही, त्याचा कपॅसिटर उतरत नाही. वर सांगितलेला लाल पट्टा सिम्युलेटरवर दिसलाच नसता. फर्मवेअरचं लॉजिक रोज तपासायला रेनोड किंवा क्यूईएमयू हे सिम्युलेटर आहेत, दोन्ही ओपन सोर्स, रेनोडमध्ये तर अनेक डिव्हाइस एकमेकांना जोडून तीच टेस्ट दरवेळी अगदी तशीच परत चालवता येते, रॅक रिकामा होण्याची वाट बघावी लागत नाही. आम्ही आता नव्वद टक्के टेस्ट तिथेच चालवतो आणि लॅबची बिलाची मिनिटं फक्त पॉवर, नेटवर्क आणि अपडेटसाठी ठेवतो, बिल पण अर्ध्यावर आलं.

सिक्युरिटी तपासणी हा त्यांचा वेगळा प्लॅन आहे. तो आम्ही घेतला आणि माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नका. या विषयाला आता नुसती हौस म्हणून बघता येत नाही. २०१६ मध्ये मिराई बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या डिव्हाइसच्या फौजेने) कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते साठेक ठराविक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या वापरून, काही फार हुशारी नव्हती त्यात. मग २०२० मध्ये ईटीएसआय या युरोपियन संस्थेचं ईएन ३०३ ६४५ हे स्टँडर्ड आलं, त्याचा पहिलाच मुद्दा सगळ्या डिव्हाइसना एकच डिफॉल्ट पासवर्ड नको. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून तो कायदाच झाला, शिवाय किती काळ अपडेट देणार तेही जाहीर करावं लागतं. युरोपियन युनियनचा सायबर रेझिलियन्स कायदा तर अजून पुढे जातो, ११ सप्टेंबर २०२६ पासून जी कमजोरी कोणी प्रत्यक्ष वापरून हल्ला करतंय ती कळल्यापासून चोवीस तासांत कळवणं बंधनकारक आणि ११ डिसेंबर २०२७ पासून जवळपास सगळाच कायदा लागू. म्हणजे तिकडे माल विकायचा असेल तर आपल्या फर्मवेअरमध्ये कुठल्या कुठल्या लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेले तयार कोड) आहेत त्याची यादी, ज्याला एसबीओएम म्हणतात, ती हाताशी हवीच. नाहीतर २०२० मध्ये ट्रेक कंपनीच्या टीसीपी-आयपी (नेटवर बोलायच्या) लायब्ररीत रिपल२० नावाने १९ कमजोरी निघाल्या तेव्हा किती तरी कंपन्यांना ती लायब्ररी आपल्या डिव्हाइसमध्ये आहे का हेच माहीत नव्हतं, तशी गत व्हायची.

एवढं सगळं असताना त्यांनी आम्हाला काय दिलं तर एक भलामोठा पीडीएफ. उघडे पोर्ट, टीएलएसची आवृत्ती, एसबीओएमवरून जुन्या लायब्ररींची यादी, सगळं कुठल्याही फुकटच्या टूलने मिळेल असं. शेवटी हिरवा शिक्का. आणि हबच्या बोर्डवरचा सिरियल कन्सोल काही न विचारता थेट सगळे अधिकार देत होता, ज्या कन्सोलला त्यांनी स्वतःच्या हाताने वायर जोडली होती आणि ज्याच्यावरून ते रोज आमचे लॉग वाचत होते, त्याचा रिपोर्टमध्ये एका ओळीचाही उल्लेख नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ते आमच्या हार्डवेअरवाल्या ताईंनी पकडलं, विक्रीच्या बोर्डवर कन्सोल बंद करून टाकला. रिपोर्ट परत पाठवून विचारलं तर म्हणे फिजिकल अ‍ॅक्सेस आमच्या स्कोपमध्ये येत नाही. मग तसं पहिल्या पानावर लिहा ना! हिरवा शिक्का बघून मालकांनी तर तो ग्राहकांना दाखवायलाही काढला होता.

वेळेच्या टेस्ट जमतात, पण जुगाड करून. आमच्या हबला घड्याळाची बॅटरी नाही, चालू झाला की तो १९७० मध्ये असतो. सर्व्हरचं सर्टिफिकेट (ओळखपत्र) तपासायला गेला की ते अजून सुरूच झालेलं नाही असं त्याला वाटतं, म्हणून आधी एनटीपीवरून (नेटवरून घड्याळ लावायची सोय) वेळ घ्यावी लागते, आणि राउटरने एनटीपी अडवलं असेल तर सगळंच अडलं. मी लॅबच्या नेटवर्कमध्ये स्वतःचा एनटीपी सर्व्हर ठेवला आणि हबला वाटेल त्या तारखेला नेऊन सोडायला लागले. रूट सर्टिफिकेट (ज्याच्या भरवशावर बाकीची सर्टिफिकेट तपासतात ते) संपायच्या दुसऱ्या दिवशी नेलं, कारण ३० सप्टेंबर २०२१ ला फुकट सर्टिफिकेट देणारी लेट्स एन्क्रिप्ट ज्यावर अवलंबून होती ते जुनं रूट संपलं तेव्हा ज्यांना नवीन रूट मिळालेलं नव्हतं अशा बऱ्याच जुन्या डिव्हाइसची कनेक्शन तुटली होती. मग १९ जानेवारी २०३८, तीन वाजून चौदा मिनिटं आठ सेकंद यूटीसी, जिथे ३२ बिटांत साठवलेली वेळ मावेनाशी होऊन उलटते. आमच्या लॉगच्या तारखा थेट १९०१ मध्ये गेल्या. कोणी म्हणेल २०३८ लांब आहे, पण असला हब भिंतीवर लागला की दहा-पंधरा वर्षं तिथेच राहतो, म्हणजे आज विकलेला हब तो दिवस बघणार आहे.

बॅटरी मोजणीबद्दल थोडक्यात, ती यांच्याकडे करू नका. त्यांचा मीटर सेकंदाला एक रीडिंग घेतो. आमचा सेन्सर जवळजवळ सगळा वेळ झोपलेला असतो आणि काही मिलिसेकंदांसाठी उठतो, सेकंदाला एक रीडिंग म्हणजे तो उठला तेव्हाच नेमकं रीडिंग पडेल याची काय खात्री. त्यासाठी आम्ही नॉर्डिकचं पॉवर प्रोफायलर किट २ घेतलं, अगदी छोटा बोर्ड, २०० नॅनोअँपिअरपासून एक अँपिअरपर्यंत मोजतो आणि सेकंदाला एक लाख सँपल घेतो. लावल्यावर पहिल्याच तासात दिसलं की सेन्सर दर तीस सेकंदांनी करंटचं एक जास्तीचं टोक मारतोय, कोणाचा तरी डीबगचा टायमर राहून गेला होता. असं एखादं मीटर टेबलावर असू द्या, लॅब असो नसो.

रेडिओची टेस्ट कमी पडते. त्यांच्या टेस्टच्या बंद पेट्या बाहेरचे सिग्नल अडवतात, त्यामुळे निकाल स्थिर येतो, पण ग्राहकाच्या घरात शेजारच्या पंधरा राउटरची गर्दी असते आणि आमच्या हबमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ दोघं एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, एकाच अँटेनावर आळीपाळीने बोलतात. अपडेट डाउनलोड होत असताना सेन्सरचा मेसेज चुकतो का, हे त्या शांत पेटीत कधी दिसलं नाही आणि माझ्या घरी पहिल्या दिवशी दिसलं. पेअरिंगचं पण तसंच, त्यांच्याकडे फोन मोजकेच आहेत, आणि अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथच्या परवानग्या बदलल्यामुळे जुन्या आणि नव्या फोनवर वेगवेगळं वागणं होतं. ते आम्ही सगळ्यांचे घरचे फोन गोळा करून करतो.

हल्ली त्यांनी एआयचं बटण पण दिलंय, रिक्वायरमेंटचं डॉक्युमेंट दिलं की टेस्ट लिहून देतं. मी मनापासून वापरून बघितलं. दीडशे टेस्ट मिनिटभरात आल्या आणि त्यातल्या बहुतेक डॉक्युमेंटमध्ये जे लिहिलंय तेच उलटं करून विचारणाऱ्या. सेटिंग पुसताना लाइट गेली तर काय, हे आमच्या डॉक्युमेंटमध्येच नव्हतं मग ते तरी कुठून आणणार. पण रात्रभराचे हजारो लॉग वाचून "या चाळीस फेल एकाच कारणाच्या दिसतायत" असं जे गट करून देतं ते मला रोज लागतं, सकाळचा तासभर वाचतो.

सपोर्ट ठीकठाक. एकदा दोन दिवस एकाच हबच्या टेस्ट अधूनमधून फेल होत होत्या, आम्ही आमचा कोड उसवून काढला आणि शेवटी निघालं की त्यांचाच रिले झिजला होता, कधी लागायचा कधी नाही. त्यांनी मिनिटं परत दिली, माफी मागितली, पण रिले किती वेळा उघडला-बंद झाला याचा आकडा त्यांच्याकडे असायला हवा होता आणि तो मला दिसायला हवा होता. तेव्हापासून मी प्रत्येक रात्री एक ओळखीचं जुनं फर्मवेअर पण चालवते, ते पण फेल झालं तर दोष लॅबचा. महिन्याच्या शेवटी रॅकला रांग लागते, तेव्हा रात्रीचा स्लॉट आधीच धरून ठेवा.

कोणी घ्यावी? ज्यांची डिव्हाइस ग्राहकाच्या भिंतीवर आहेत आणि ज्यांना अपडेट पाठवावं लागतं त्या सगळ्यांनी, निदान मोठ्या रिलीजच्या आधीचे दोन महिने तरी. ज्यांच्याकडे दोनच डिव्हाइस आणि जागा आहे त्यांनी एक छोटा लिनक्स कॉम्प्युटर, यूएसबीचा रिले बोर्ड आणि जुना राउटर घेऊन टेबलावरच सुरुवात करावी, पॉवरची टेस्ट तेवढ्यातही होते. आम्ही करार पुढे वाढवलाय, सिक्युरिटीचा प्लॅन काढून टाकून.

सध्या दोन नंबरच्या रॅकवर एक लांबची टेस्ट लावलीय. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा काउंटर ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो, आणि आमच्या कोडमध्ये वेळेची वजाबाकी नऊ ठिकाणी आहे. काउंटर पुढे ढकलून ही टेस्ट पाच मिनिटांत होते आणि ती झालीय, पास आहे, पण मला खऱ्या हबवर खरे दिवस जाऊन बघायचंय, त्यातच मेमरी कुठे गळते का तेही कळेल. आज त्रेचाळिसावा दिवस आहे, सहाही हब चालू आहेत, एका हबची मोकळी मेमरी बाकीच्यांपेक्षा थोडी कमी दिसतेय. पन्नासावा दिवस उजाडला की काय झालं ते लिहीन.